सतरंजीवरची जागा

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता भाविकांचा आहे. घोडेगावला शनिशिंगणापूरच्या गाड्या वळतात, नेवासा फाट्याला ज्ञानेश्वरांच्या पैस खांबाकडे जाणारे उतरतात, त्यापुढे देवगडचे. याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना, उसाच्या आणि कांद्याच्या वावरांमागे, गावोगाव छोटी चर्चं आहेत. ती रस्त्यावरून दिसत नाहीत. मुंबई-गोव्यातल्यासारखे उंच मनोरे त्यांना नाहीत, रंगीत काचा नाहीत. दगडाच्या नाहीतर विटांच्या भिंती, वर पत्रा, दर्शनी भिंतीवर रंगवलेला क्रूस आणि अंगणातल्या लिंबाला टांगलेली घंटा. काही ठिकाणी घंटेच्या जागी रेल्वेच्या रुळाचा तुकडा असतो. तो हातोडीने वाजवला की आवाज शिवारापर्यंत जातो.

ख्रिस्ती उपासनेवर लिहायचं ठरलं तेव्हा नगर शहरातलं ह्यूम मेमोरियल चर्च, वसईची जुनी देवळं, हरेगावची मतमाउलीची यात्रा असं बरंच काही समोर होतं. हरेगावला सप्टेंबरात सगळ्या धर्मांचे लोक लोटतात. तिथे परकेपणाचा प्रश्नच येत नाही, कारण एवढ्या गर्दीत कोण कोणाला ओळखतो? मला याच्या नेमकी उलटी जागा हवी होती. जिथे तीस-चाळीस माणसं आहेत, सगळी एकमेकांच्या चुलीपर्यंत ओळखीची आहेत आणि दारात उभं राहिलेलं नवं माणूस तत्क्षणी सगळ्यांच्या नजरेत भरतं. अशा ठिकाणी परक्याचं काय होतं ते पाहायचं होतं. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. वाटेवरच्या मराठी माणसाने सहज आत येऊन बसावं आणि त्याला आपल्या गळ्याने गाता यावं, म्हणून याच जिल्ह्यात काही माणसांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जिवापाड खटपट केली होती. तिच्यातलं आज काय उरलं आहे?

आधी ती खटपट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय या उपासनेत काय ऐकू येतं ते समजणार नाही.

अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत उतरली १८१३ साली. नगरला त्यांचं ठाणं पडलं १८३१ साली. सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा इथलीच. ती पाहून आपल्याला पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असं जोतीराव फुल्यांनीच सांगून ठेवलं आहे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली इथूनच निघू लागलं. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे इथल्या व्यासपीठावर मराठी माणूस फार लवकर उभा राहिला. गाण्याचं मात्र तसं झालं नाही. १८३५ पासून तीस वर्षं इथे काम केलेल्या हेन्री बॅलंटाइन यांनी मराठी शिकून पुष्कळ गीतं रचली आणि भाषांतरित केली. त्यांतली कितीतरी आजही प्रेमाने गायली जातात. पण त्यांतल्या बऱ्याच गीतांच्या चाली विलायती. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवताना ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, जोर भलत्याच अक्षरावर पडतो. जन्मापासून त्या चाली ऐकलेल्या माणसाला त्यात खटकत नाही. जात्यावरच्या ओव्या आणि पारावरचं भजन ऐकत वाढलेल्या माणसाला मात्र तिथे गाता येत नाही, त्याने नुसतं ऐकायचं.

हे ज्याला आधी जाणवलं तो माणूस म्हणजे कृष्णराव सांगळे. १८६०च्या दशकात त्यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. हरदासी कीर्तनाचा घाट तसाच ठेवला: पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, ओवी, मागे साथीदार. फक्त आख्यान बायबलमधलं. जो शेतकरी चर्चची पायरी कधी चढला नसता तो चावडीपुढच्या कीर्तनाला मांडी घालून बसे. मला ही कल्पना फार मोठी वाटते. कारण तिच्यात श्रोत्याला बदलायला लावण्याआधी वक्त्याने स्वतःचा ढंग बदलला आहे.

त्यानंतर आले नारायण वामन टिळक. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नगर, राहुरी हे त्यांचं कार्यक्षेत्र झालं. फुलांवरच्या आणि मुलांवरच्या त्यांच्या कविता आपण शाळेत शिकलो, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ आपल्यातल्या अनेकांनी पुन्हा पुन्हा वाचलं. पण टिळकांचं सर्वांत जास्त गायलं जाणारं काव्य या दोन्हींपैकी कुठेच नाही. ते ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आहे. त्यात दोनशेहून अधिक गीतं त्यांची आहेत, आणि दर रविवारी, एकही आठवडा न चुकता, महाराष्ट्रात कुठे ना कुठे ती म्हटली जातात. मराठीतल्या किती कवींच्या वाट्याला हे भाग्य आलं असेल? आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो, असं ते उघड म्हणत. १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोन वर्षांत ते गेले आणि दरबारही फार टिकला नाही. तरी परक्याला बसायला जागा कुठे, या प्रश्नाचं इतकं धीट उत्तर मराठी ख्रिस्ती इतिहासात मला दुसरं सापडत नाही.

आता त्या रविवारकडे येते.

गाव नेवासे तालुक्यातलं. नाव देत नाही. तिथल्या लोकांनी तसं सांगितलं नव्हतं, पण पुढे जे लिहिणार आहे त्यामुळे मीच ठरवलं. नवरात्र नुकतं संपलं होतं. बाजरी खळ्यावर, सोयाबीनची काढणी जोरात, कांद्याची रोपं टाकलेली. उपासना दहाला, असं पाळकांनी फोनवर सांगितलं होतं. त्यांच्याकडे तीन गावं आहेत. सकाळी सातला एका गावची उपासना उरकून ते मोटारसायकलवर इथे येतात आणि दुपारी तिसऱ्या गावी जातात. पहिली घंटा साडेनऊला झाली, तेव्हा अंगणात मी, घंटा वाजवणारे एक आजोबा आणि बाटलीत पाणी भरून आणणारी दोन पोरं एवढेच होतो. आजोबांनी वर-खाली पाहिलं आणि विचारलं, “कोणाकडं आले?” मी म्हटलं, “कोणाकडे नाही, उपासनेला आले.” ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “मग चपला हितं काढा, सावलीत. उन्हानं तापत्यात.”

आत सतरंज्या अंथरलेल्या होत्या. डावीकडे पुरुष, उजवीकडे बाया, मागच्या भिंतीशी म्हाताऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या. समोर लाकडी टेबल, त्यावर पांढरं कापड, क्रूस, उघडं पवित्र शास्त्र आणि झेंडूची फुलं घातलेला तांब्या. भिंतीवर वर्षाचं वचन लिहिलेला फळा. एका कोपऱ्यात पेटी, तबला, दोन टाळ. दुसऱ्या कोपऱ्यात काळ्या पिशवीत गुंडाळलेला कीबोर्ड. मी भिंतीकडेला, दाराजवळ बसले. नव्या जागी माणूस तिथेच बसतं. पाच मिनिटांत एक साठीची बाई डोक्यावरचा पदर सावरत आली, मला म्हणाली, “ताई, हितून काय दिसायचं न्हाई,” आणि हाताला धरून तिसऱ्या रांगेत आपल्या शेजारी घेऊन गेली. कोण, कुठली, कशाला, यातलं काही विचारलं नाही. तिचं ‘उपासना संगीत’ जुनं होतं, पाठ-पोट वेगळं झालेलं, दोऱ्याने शिवलेलं. ते तिने मांडीवर दोघींच्या मधोमध ठेवलं आणि उपासना संपेपर्यंत पानं तीच उलटत राहिली. प्रत्येक गीताचा क्रमांक तिला तोंडपाठ होता. पुस्तक फक्त माझ्यासाठी उघडलं होतं, हे माझ्या लक्षात तिसऱ्या गीताला आलं.

दहाची दुसरी घंटा झाली तेव्हा माणसं जेमतेम पंधरा. पाळक आले, झगा घातला आणि सुरुवात केली. नंतर अर्धा तास माणसं येतच होती. कोणी दूध घालून, कोणी मोटर बंद करून. उशिरा येणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नव्हतं. तो आला, उभ्या उभ्या डोळे मिटून प्रार्थना केली आणि बसला.

उपासनेचा क्रम चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र येऊन ही मंडळी झाली. पुस्तकात क्रम छापलेला आहे: गीत, पापांगीकार, क्षमेचं वचन, स्तोत्र आळीपाळीने, शास्त्रपाठ, संदेश, मध्यस्थीची प्रार्थना, अर्पण, आशीर्वाद. प्रत्यक्षात त्यात गावाचं बरंच काही मिसळलेलं असतं. मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळकांनी विचारलं, “कोणासाठी प्रार्थना करायची?” आणि लोक जागेवरूनच सांगू लागले. एकीच्या सुनेला सातवा महिना आणि रक्त कमी. एकाचा मुलगा पोलीस भरतीला पळायला जाणार. एकाने आपल्या गाईचं सांगितलं. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “शेजारच्या पाटलाच्या बायकोचं ऑपरेशन हाय. त्यांच्यासाठी.” पाळकांनी प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना केली, पाटलीणबाईंचंही. डोळे मिटलेल्या त्या दहा मिनिटांत गावाची सगळी खबर देवाला दिली जात होती, आणि कोणतंही दुःख त्या यादीत बसायला लहान ठरत नव्हतं.

गाण्याविषयी सांगते. पहिलं गीत विलायती चालीचं होतं. पेटीवाल्यांनी सूर धरला, बायांनी वरच्या पट्टीत उचललं, आणि मी ओठ हलवत बसले. चाल अंगात उतरेना. दुसरं गीत टिळकांचं. टाळ वाजले, तबल्याने भजनी ठेका धरला आणि शेजारच्या बाईंच्या आवाजाचा पोतच बदलला. गळा मोकळा झाला, मान हलू लागली. मला ते गीत माहीत नव्हतं, पण दुसऱ्या कडव्याला मी गात होते. कारण ध्रुवपद कुठे येणार, समेवर कुठे यायचं, शेवटची ओळ किती वेळा परतून म्हणायची, हे सगळं लहानपणापासून ऐकलेल्या हरिपाठाने आधीच शिकवून ठेवलं होतं. सांगळे आणि टिळक यांनी ज्या माणसासाठी खटपट केली तो माणूस म्हणजे मीच होते, आणि त्यांचा अंदाज खरा होता.

संदेश रूथच्या पुस्तकावर होता. ही कथा बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक नसेल. बेथलेहेमात दुष्काळ पडतो म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात जगायला जाते. तिथे नवरा मरतो, दोन्ही मुलंही मरतात. नामी माघारी निघते तेव्हा तिची मवाबी सून रूथ तिची पाठ सोडत नाही. दोघी बेथलेहेमात येतात तेव्हा जवाच्या कापणीचे दिवस असतात. रूथ बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या रानात सरवा वेचते. कापणी करणाऱ्यांनी मागे पडलेली कणसं उचलायची नाहीत, शेताचे कोपरे कापायचे नाहीत, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवायचे, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. पुढे बवाज तिच्याशी लग्न करतो आणि ती परकी सून दावीद राजाची पणजी होते.

पाळकांनी ही गोष्ट सांगताना बेथलेहेम जवळजवळ नेवाशातच आणून ठेवलं. “दुष्काळात जगायला जाणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला पाहिजे का?” त्यांनी विचारलं, आणि बायांच्या बाजूने हुंकार आला. त्या बायांपैकी कितीजणी आदल्याच आठवड्यात सोयाबीनचा सरवा वेचायला गेल्या होत्या. त्यांच्या आधीच्या पिढ्या ऊसतोडीला जात; काही घरं अजून जातात. पाळक म्हणाले, “बवाजानं रूथला काय दिलं? दाणे तर दिलेच. पण आधी गड्यांना सांगितलं, हिला बोलू नका. हिचा मान ठेवा.” मग ते थोडं थांबले आणि म्हणाले, की ज्याला लोकांनी वेशीबाहेर ठेवलं त्याला वेशीच्या आत आल्यावर दुसऱ्याला बाहेर ठेवायचा अधिकार नाही.

हे वाक्य तिथे इतकं जड का पडलं ते कळायला या मंडळीची घडण ठाऊक हवी. मराठी ख्रिस्ती इतिहास आपण बहुधा ब्राह्मण धर्मांतरितांच्या नावांनी वाचतो: टिळक, पंडिता रमाबाई. त्यांचं मोल मोठंच आहे. पण नगर जिल्ह्यातल्या या सतरंज्यांवर बसलेल्या बहुसंख्य घरांचे पूर्वज महार आणि मांग समाजातले. १८५०च्या पुढे खेड्यांतून मंडळ्या उभ्या राहिल्या त्या त्यांच्या बळावर. १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९६ ते १९०० मधले दुष्काळ, या काळात मिशनची कामं, शाळा, वसतिगृहं यांच्या आधाराने पुष्कळ घरं जवळ आली. पोटासाठी आले, असं त्यांना हिणवून म्हटलं जातं. मला ते म्हणणं क्रूर वाटतं. ज्याला पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हतं, ज्याच्या पोराला शाळेच्या ओट्याखाली बसावं लागत होतं, त्याने पाटी, पाणी आणि पंगत जिथे मिळाली तिथला देव आपला मानला, तर त्यात कमी खरं काय आहे? माझ्या शेजारच्या बाईंच्या आजीला मिशनच्या शाळेत वाचता येऊ लागलं, आईने नर्सिंग केलं. शंभर वर्षांत महाराष्ट्राच्या दवाखान्यांना आणि प्राथमिक शाळांना किती नर्सबाई आणि किती मास्तर या वस्त्यांनी दिले, ते कोणीतरी बसून लिहायला हवं.

आणि जात चर्चच्या दाराबाहेर राहिली असंही नाही. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं एकेक पायरीने कसं सुटलं ते जितक्या निर्भयपणे लिहिलं आहे तितकं पुढे फार थोड्यांनी लिहिलं. कायद्याने तर वेगळीच गाठ मारून ठेवली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना अजून नाही. एकाच वस्तीतल्या, एकाच आडनावाच्या दोन चुलत भावांपैकी बौद्ध असलेल्याला सवलत आहे, ख्रिस्ती असलेल्याला ती नाही. २०२२ साली केंद्राने या प्रश्नावर के. जी. बालकृष्णन आयोग नेमला. त्या दिवशी अंगणात एका तरुणाने मला पहिला प्रश्न विचारला तो देवाविषयी नव्हता. “मॅडम, तुम्ही पेपरवाल्या ना? त्या आयोगाचं काय झालं?”

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी होते. जेमतेम अकरा लाख, त्यांतही मोठा भाग मुंबई, ठाणे, पुणे इकडे. गावात तीस घरं असली तर ती तीसच असतात. त्यामुळे दारातल्या परक्याकडे पाहताना त्यांच्या मनात काय येतं, हे मला नंतर समजलं. चहाच्या वेळी पाळकीणबाई म्हणाल्या, “फोन आला तेव्हा हे म्हणाले येऊ द्या. पण पंचकमिटीतल्या दोघांना शंका होती.” प्रार्थनेला कोणी येतो, मोबाईलवर चित्रीकरण करतो, आणि मग ते कुठल्या मथळ्याखाली कुठे फिरेल याचा नेम राहत नाही. इतर राज्यांतल्या बातम्या इथेही पोचतात. त्या दोघांपैकी एकजण म्हणजे घंटा वाजवणारे आजोबा. त्यांनी शंका घेतली होती आणि तरीही माझ्या चपला सावलीत ठेवायला सांगितल्या होत्या. गावाचं नाव न देण्याचं कारण हेच.

म्हणून अशा ठिकाणी जाणाऱ्याला मी कळकळीने सांगेन: आधी पाळकांना फोन करा, मोबाईल पिशवीत ठेवा, आणि उपासना पुरी होईपर्यंत बसा. पंधरा मिनिटांत उठून जाणारा पाहुणा त्या माणसांना दिवसभर काळजीत टाकतो. उभं राहायची वेळ आली की उभं राहावं. जे शब्द मनापासून म्हणवत नाहीत ते म्हणू नयेत. त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. अर्पणाची पिशवी फिरते तेव्हा काही टाकावं अशी सक्ती नसते. त्या पिशवीत दहा-वीसच्या नोटा होत्या, आणि टेबलाजवळ एका टोपलीत कोणीतरी आणलेली गावरान अंडी, मेथीच्या जुड्या, एक भोपळा. उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव झाला. भोपळा दीडशेला गेला. ज्याने घेतला त्याने तो लगेच एका विधवा बाईला देऊन टाकला. मिशनचा पैसा कधीच आटला आहे. पत्रा गळतो, तो अशाच भोपळ्यांवर दुरुस्त होतो.

नव्या माणसाला उपासनेच्या मध्येच उभं करून नाव-गाव विचारायची रीत पुष्कळ चर्चमध्ये आहे, इथेही होती. सूचनांच्या वेळी पाळकांनी मला उभं केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा भाव निर्मळ होता, यात शंका नाही. तरी मला वाटतं ही रीत बदलावी. नवं माणूस कुठल्या मनःस्थितीत आलेलं असतं ते कोणाला ठाऊक? कोणी रडायला आलेलं असतं. शेजारी पुस्तक उघडून बसणारी ती बाई पुरेशी आहे; ओळख अंगणात चहाबरोबर होते. हे मी पाळकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “खरंय. पण आमच्यात कोणी नवीन आलं की आनंद होतो हो.” यावर मला काही बोलता आलं नाही.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला टेबलावर झाकून ठेवलेला होता. हा भाग पाहुण्यासाठी सर्वांत अवघड. पाळकांनी आधीच स्पष्ट सांगितलं, की ज्यांनी बाप्तिस्मा घेऊन मंडळीत प्रवेश केला आहे त्यांनी पुढे यावं, मग ते कुठल्याही मंडळीचे असोत. बाकीच्यांनी जागेवर बसून प्रार्थना करावी. माझ्या शेजारच्या बाई उठल्या, पुढे जाऊन गुडघे टेकले, परत आल्या. मी बसून होते. देवाच्या दरबाराची मला फार आठवण झाली. टिळकांनी बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जवळ बसवलं होतं, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. पण त्याच वेळी हेही जाणवलं, की ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्याच पंगतीत जागा नव्हती त्याला हे एक ताट स्वतःचं मिळालं आहे. त्या ताटाची मर्यादा ठरवायचा हक्क त्याचा. पाहुणीने पंगतीचा नियम करू नये. त्या पाच-सात मिनिटांत कोणी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं नाही, की उठवायचा प्रयत्न केला नाही. परत आल्यावर बाईंनी पुस्तकाचं पान पुन्हा माझ्या बाजूला सरकवलं, पुढचं गीत सुरू होणार होतं.

टिळकांची आणि सांगळ्यांची खटपट शिल्लक आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी अर्धं हो असं मिळालं, कारण कीबोर्ड अजून पिशवीत होता. तो शेवटच्या गीताला बाहेर आला. विशीतल्या एका मुलाने तो लावला आणि तीन मुलींनी मिळून एक हिंदी गीत म्हटलं, यूट्यूबवर सगळीकडे ऐकू येतं त्या धाटणीचं. मुलांचे चेहरे उजळले. पुरुषांच्या बाजूचे दोघे-तिघे म्हातारे खाली बघत राहिले. तालुक्याच्या गावी एक नवी सभा भरते; तिथे मोठे स्पीकर आहेत, ड्रम आहेत, आजार बरे होण्याच्या साक्षी आहेत, आणि या मंडळीतली काही घरं आता तिकडे जातात. पाळक त्यांना दोष देत नाहीत. ते म्हणतात, “तिकडं त्यांना कोणीतरी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. मी तीन गावं करता करता किती घरी पोचतो?”

मला हिंदी गीताबद्दल तक्रार नाही. मुलांनी आपल्या सुरात गावं. पण हेही खरं, की त्या हिंदी गीतात रस्त्यावरून आत आलेल्या मराठी म्हातारीला गाता येणार नाही. टिळकांनी जी वाट सोपी केली तिच्यावर पुन्हा गवत वाढेल, आणि ती वाट मोडली तर तोटा एकट्या ख्रिस्ती मंडळीचा होणार नाही. ‘ख्रिस्तायन’ टिळकांनी सुरू केलं, ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ओव्या रचून पुढे नेलं आणि त्यांच्यामागे मुलाने, देवदत्तांनी पूर्ण केलं; एवढं मोठं ओवीबद्ध काव्य आपल्यापैकी कितीजणांनी उघडून पाहिलं आहे? वारकरी, महानुभाव, नाथ यांच्याबरोबर मराठी भक्तिकाव्याची ही शाखा शिकवली गेली पाहिजे. चर्चमध्ये गायलं जातं म्हणून ते परकं नाही.

उपासना संपल्यावर अंगणात लिंबाखाली चहा झाला. शेजारच्या बाईंनी आता एकदाचं विचारलं, “ताई, तुमचं गाव कोणतं?” आणि गाव ऐकल्यावर तिथल्या एका नर्सबाईंची ओळख निघाली. घंटावाल्या आजोबांनी सांगितलं, की त्यांच्या लहानपणी नाताळच्या आधी तीन रात्री कीर्तन व्हायचं, नगरहून कीर्तनकार यायचे आणि अख्खं गाव पटांगणात बसायचं. शेवटचं कीर्तन कधी झालं ते त्यांना नक्की सांगता येईना. कीबोर्डवाला मुलगा हे ऐकत उभा होता. तो म्हणाला, “आजोबा, रूथचं आख्यान होतं का त्यात?” होतं, असं आजोबा म्हणाले, आणि त्यातल्या दोन साक्या त्यांनी तिथेच म्हणून दाखवल्या. मुलाने मोबाईलवर त्या ध्वनिमुद्रित केल्या.

नंतर पाळकांचा फोन आला. यंदा नाताळच्या आधीच्या शनिवारी रात्री रूथचं कीर्तन ठेवायचं ठरतं आहे. आख्यान आजोबा बसून सांगतील, पदं तो मुलगा आणि मुली म्हणतील. तबलजी पुण्याला नोकरीला गेला आहे, म्हणून मृदंगाला गावातल्या हरिपाठ मंडळाच्या मृदंगाचार्यांना विचारलं आणि ते हो म्हणाले आहेत. कीर्तन चर्चमध्ये करायचं की चावडीपुढे, यावर पंचकमिटीत दोन मतं आहेत. आजोबा चावडीपुढे म्हणतात.